डेटला आलेला माल, फेकवही आणि हॉस्टेलच्या काकू

आमचं सिंहगड रोडच्या बाजूला किराणा दुकान आहे. बोर्डावर आता सुपर शॉपी लिहिलंय पण आप्पा, म्हणजे माझे वडील, अजून दुकानच म्हणतात. १९९४ ला दहा बाय बाराच्या गाळ्यात सुरू केलेलं, आता अकराशे स्क्वेअर फूट, दोन मोठे फ्रिज, भाजीचा रॅक, काउंटरला दोन मावशी आणि माल लावायला तीन पोरं. सांगायचं कारण एवढंच की आपण काही मॉलवाली मोठी पार्टी नाही, खाली जे लिहितोय ते एवढ्याशा दुकानातलं आहे. उरलेला, डेटला आलेला (म्हणजे एक्सपायरी जवळ आलेला) माल गरजूंना द्यायचं चालू करून दोनेक वर्षं झाली, ओळखीचे दुकानदार विचारतात कसं करता, मग म्हटलं एकदा सगळं लिहूनच टाकू, चुकांसकट.

सुरुवात कचऱ्यावरून झाली. आमच्याकडे सकाळी आठच्या सुमारास स्वच्छच्या ताई येतात ओला-सुका घ्यायला (पुण्याबाहेरच्यांसाठी: स्वच्छ म्हणजे कचरावेचकांची सहकारी संस्था, महापालिकेबरोबर घरोघरी कचरा गोळा करते). त्या दिवशी ओल्याच्या बादलीत पनीरची सहा पाकिटं आणि दह्याचे डबे होते, पोरांनी आदल्या रात्री फ्रिज आवरताना काढलेले. ताईंनी एक पाकीट उचललं, पुसलं, तारीख वाचली आणि म्हणाल्या, "दादा, ह्याच्यावर आजची तारीख हाय की. काल रातच्याला हातात दिलं असतं तर घरी नेलं असतं, आता कचऱ्यातनं काढून लेकराला कसं घालू?" आणि पाकीट परत बादलीत टाकून पुढच्या सोसायटीत गेल्या पण. रागावल्या वगैरे नव्हत्या, सहज बोलल्या. मी मात्र दिवसभर गल्ल्यावर बसून तेच घोळवत राहिलो.

पहिलं काम केलं ते म्हणजे शंभर पानी वही आणली आणि पोरांना सांगितलं, जे काही फेकाल ते यात लिहायचं. तिचं नाव आपोआप फेकवही पडलं. पहिल्या आठवड्यात वहीत चार ओळी. मला वाटलं वा, आपल्याकडे नुकसानच नाही! मग काउंटरच्या मावशींनी हळूच सांगितलं की पोरांना वाटतंय पगारातून कापणार, म्हणून ती गुपचूप गोणीत भरून मागच्या दारानं टाकतायत. त्यांना बसवून शब्द दिला की एक रुपया कापणार नाही, तेव्हा कुठे वही भरायला लागली.

महिन्याभराची बेरीज खरेदी भावानं तेरा हजार चारशेच्या आसपास आली. आणि मला वाटलं होतं दूध-पनीरचा मोठा वाटा असेल, तर नाही, निम्म्याहून जास्त भाजी आणि फळं. पावसाळ्यात कोथिंबिरीच्या रोजच्या दहा-बारा जुड्या, साल काळी पडलेली पण आतून चांगली केळी, एक चीर पडलेला टोमॅटो. त्यानंतर पाव. मोठ्या ब्रँडचा ब्रेड गाडीवाला परत नेतो, लोकल बेकरीचा पाव आपल्याच गळ्यात. आणि तिसरा नंबर ज्याचा आला त्याची मला खरंच लाज वाटली, स्कीमचा माल. सेल्समन येतो, दहा बॉक्सवर दोन फ्री म्हणतो, आपण हावरटासारखे दहा घेतो, चार विकले जातात. मसाला ओट्सचे असे बॉक्स आमच्याकडे इतके पडून होते की आप्पा म्हणाले, घोडा घेऊ या का एखादा?

आता इथे एक गोष्ट जी गिऱ्हाइकाला बाहेरून दिसत नाही. पॅकबंद माल एक्सपायर झाला की बऱ्याच कंपन्या डिस्ट्रीब्युटरमार्फत परत घेतात आणि क्रेडिट नोट देतात (म्हणजे तेवढी रक्कम आपल्या खात्यात जमा धरतात), याला आमच्यात डॅमेज-एक्सपायरीचा क्लेम म्हणतात. (सगळ्या घेत नाहीत, आणि पैसे वेळेवर मिळाले असं तर मला आठवतच नाही.) पण गंमत बघा, बिस्किटाचा बॉक्स तारखेच्या पंधरा दिवस आधी मी कुणाला खायला दिला तर नुकसान माझं, आणि तोच बॉक्स मरू दिला तर पैसे परत! एक सेल्समन मला तोंडावर म्हणाला, सर कशाला वाटताय, होऊ द्या एक्सपायर मग क्लेम टाकू. त्याचं काही चुकत नव्हतं, सिस्टिमच तशी आहे, खाण्याजोगा माल सांभाळून सांभाळून न खाण्याजोगा करायचा आणि मग पैसे घ्यायचे.

दुसरी स्टेप द्यायचं कुणाला. मला वाटलं फोन फिरवला की संस्था गाडी घेऊन येईल. पाच ठिकाणी फोन केले. तिघं फक्त शिजवलेलं अन्न घेणारे, लग्नातलं, कंपनीच्या कँटीनमधलं, ते पण किमान पन्नास माणसांचं पाहिजे. त्यांचंही बरोबर आहे, सहा पाकीट पनीर आणि दोन किलो टोमॅटोसाठी पेट्रोल कोण जाळणार. चौथ्यांनी फॉर्म पाठवला आणि त्या फॉर्ममुळे मला कळलं की याचे वेगळे नियमच आहेत, एफएसएसएआयचे (अन्नसुरक्षेचे नियम करणारी केंद्राची संस्था) २०१९ चे, उरलेलं अन्न गोळा करून वाटण्याबद्दलचे. थोडक्यात असं की एक्सपायर झालेलं काही द्यायचं नाही, द्यायचा माल विक्रीच्या मालापासून वेगळा ठेवायचा, विक्रीसाठी नाही असं त्यावर दिसेल असं लिहायचं, काय दिलं कधी दिलं याची नोंद ठेवायची, आणि वाटणारी संस्था रजिस्टर्ड पाहिजे. वाचून मला उलट बरं वाटलं, कारण माझी खरी भीती हीच होती की उद्या कुणाला उलट्या झाल्या तर आपण कुठे उभे राहणार.

याच नादात बेस्ट बिफोर आणि एक्सपायरी यातला फरक नीट समजून घेतला, वीस वर्षं गल्ल्यावर बसून मला तो माहीत नव्हता हे कबूल करतो. बेस्ट बिफोर म्हणजे तोपर्यंत चव, कुरकुरीतपणा पूर्ण, एक्सपायरी किंवा यूज बाय म्हणजे त्यानंतर पोटात घालायचंच नाही. २०२० च्या लेबलिंगच्या नियमांनंतर एक्सपायरी छापणं कंपल्सरी झालं आणि बेस्ट बिफोर कंपनीच्या मर्जीवर. म्हणजे आमच्यासाठी सरळ आहे, एक्सपायरीची तारीख ही लक्ष्मणरेषा.

शेवटी जमलं ते एकदम जवळ. दुकानापासून दीड किलोमीटरवर एक ट्रस्टचं मुलींचं हॉस्टेल आहे, अडतीस मुली, त्यातल्या बऱ्याच बीडकडच्या ऊसतोड कामगारांच्या. दिवाळीच्या आसपास आईबाप कारखान्यांवर जातात ते उन्हाळा लागेपर्यंत, पोरीला बरोबर नेली की शाळा सुटते, म्हणून इथे ठेवतात. दहा वर्षं मी त्या रस्त्यानं जातोय, पण त्यांच्या स्वयंपाकघराला आपल्या दुकानातलं काही लागत असेल असं डोक्यातच आलं नव्हतं. स्वयंपाकाच्या काकूंना भेटलो. मी आपला उत्साहात, दही देतो, पनीर देतो, ओट्स देतो. काकूंनी पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "दही थंडीत पोरी खात नाहीत, सर्दी होते. पनीर चाळीस जणींना दीड किलो, कुणाच्या ताटात वाढू आणि कुणाच्या नको? मला टोमॅटो द्या, कोथिंबीर द्या, मिरची द्या. रेशनचे तांदूळ-गहू आहेत हो, त्याच्यावर घालायला काही नसतं."

हे वाक्य मला नंतर लेबर कॅम्पवर पण तसंच्या तसं ऐकू आलं. मागच्या बाजूला टॉवरची बांधकामं चालू आहेत, तिथे पत्र्याच्या खोल्यांत साठ-सत्तर कुटुंबं. रेशनमध्ये माणशी पाच किलो धान्य जानेवारी २०२३ पासून फुकट आहे, देशात कुठेही उचलता येतं, पण कुणाचं कार्ड गावाला सासूकडे, कुणाचा अंगठा मशीनवर उठत नाही, कुणाचं नावच चढवलेलं नाही. आणि धान्य मिळालं तरी ते तांदूळ-गहू. डाळ, तेल, भाजी, पोराला दूध हे सगळं विकतच. त्यामुळे भूक म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर रिकामं ताट येतं, तर तसं कमी, इथे भाताचा ढीग आणि बाजूला मिरची-मीठ असं ताट जास्त.

आता खरी भानगड. द्यायचं ठरवलं पण माल सापडणार कसा? आमच्या बिलिंग सॉफ्टवेअरमध्ये बॅच आणि एक्सपायरी टाकायची सोय पहिल्यापासून होती, कुणी कधी भरलीच नव्हती, माल आला की फक्त नग आणि एमआरपी. बायकोनं ते अंगावर घेतलं. दोन महिने रोज दुपारी दुकान शांत असताना एकेक रॅक काढायचा, तारखा बघायच्या, एन्ट्री मारायची. नूडल्सच्या रॅकमागे २०२१ चं एक पाकीट सापडलं, ते तिनं माझ्या टेबलावर आठवडाभर ठेवलं होतं, टोमणा म्हणून. पण आता दर सोमवारी लिस्ट निघते, पुढच्या तीस दिवसांत काय काय डेटला येतंय त्याची.

त्यावर नियम बसवले, तेही चुकत चुकत. सुका माल तीस दिवस आधी पुढे काढायचा, पंधरा दिवसांवर अर्ध्या किमतीत, सात दिवस राहिले की हॉस्टेल. दूध-दही-पनीर दोन दिवस आधी. भाजीचा निकाल त्याच संध्याकाळी साडेसातला, उद्या बघू हा शब्दच काढून टाकला. कारण दुसऱ्या दिवशीची मेथी म्हणजे गवत.

आणि इथेच सगळ्यात जास्त त्रास होतो, दुकानदार म्हणून. माल खायला द्यायचा तर तो विकण्यासारखा असतानाच सोडावा लागतो. शेवटच्या दिवशी जो देतो तो खरं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात टाकतो, आणि दोन-तीन दिवस आधी जो देतो त्याला वाटत राहतं की एखादं गिऱ्हाईक आलंच असतं. एका मंगळवारी बारा डबे दही हॉस्टेलला गेलं (उन्हाळा होता, कढी झाली), आणि बुधवारी एका सोसायटीत सत्यनारायण निघाला, दही पाहिजे, फ्रिज रिकामा. आप्पा काही बोलले नाहीत, फक्त चष्मा काढून माझ्याकडे बघितलं. ते बघणं बोलण्यापेक्षा वाईट. असं वर्षात चार-पाचदा झालं असेल, पण लक्षात तेवढंच राहतं.

सगळ्यात मोठी चूक पनीरची. मे महिना, गुरुवार, काकू नको म्हणत असताना मीच आग्रहानं चार किलो पनीर पाठवलं, म्हटलं आता सगळ्यांना पुरेल. पुण्यात गुरुवारी दुपारी लाइट जाते हे शेंबड्या पोराला माहितीये, माझ्या डोक्यातून गेलं. हॉस्टेलचा फ्रिज सहा तास बंद. संध्याकाळी काकूंनी पाकीट उघडलं, वास आला, सगळं टाकून दिलं आणि मला फोन केला. तारीख अजून दोन दिवस पुढची होती, पण तारीख छापताना कंपनीनं फ्रिज चालू धरलेला असतो ना. त्या रात्री मला झोप नाही. त्या जागी एखादी नवीन, घाबरट बाई असती आणि तिनं एवढं आलंय तर कशाला टाका म्हणून वापरलं असतं तर? तेव्हापासून दुधाचे पदार्थ बर्फाच्या क्रेटमध्ये, सकाळी दहाच्या आत, आधी फोन करून, आणि गुरुवारी अजिबात नाही.

मधे एक प्रयोग फसला तो पण सांगतो. दुकानाबाहेर टोपली ठेवली, वर पाटी, मोफत, गरजूंनी घ्या. पहिल्या दिवशी एक जण स्कूटरवर आला आणि टोपली पिशवीत उलटी करून गेला. दुसऱ्या दिवशी कुणीच हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी कॅम्पवरची एक बाई दोन टोमॅटो उचलून विचारते, कितीला? मावशी म्हणाल्या फुकट आहे, घ्या. तिनं टोमॅटो खाली ठेवले. फुकट नको म्हणाली, पाच रुपये घ्या. मग पाटी काढली, टोपली आत घेतली, आजची टोपली असं नाव दिलं, कुठलाही वाटा पाच रुपये. आता कॅम्पवरच्या बाया घेतात, स्पर्धा परीक्षेची पोरं घेतात (खोलीवर स्वयंपाक करणारी, मेसचे पैसे वाचवायला संध्याकाळचं जेवण चहा-बिस्किटावर भागवणारी, ती तर हात पुढे करायची नाहीतच कधी), आणि हो, समोरच्या टॉवरमधल्या गाडीवाल्या मॅडम पण घेतात. आप्पांचं म्हणणं, लोकांना सवय लावतोयस, आठ वाजता येतील सगळे. येतातच थोडे. पण ज्यांना पूर्ण भावाची ताजी मेथी पाहिजे ते आठपर्यंत थांबत नाहीत असा माझा अनुभव आहे, त्यामुळे मी मॅडमना काही विचारत बसत नाही.

सीएकडे गेलो तेव्हा वेगळाच धडा. मला वाटलं होतं दान केलं म्हणजे टॅक्समध्ये काहीतरी सूट असेल. तो हसला. इन्कम टॅक्सच्या ८०जी कलमाची सूट पैशाच्या देणगीला, वस्तूच्या नाही. आणि जीएसटीत कलम १७(५)(एच) प्रमाणे माल फुकट दिला तर खरेदीवर घेतलेलं क्रेडिट (म्हणजे माल घेताना भरलेल्या जीएसटीची मिळालेली वजावट) उलटवायचं, नष्ट झाला तरी उलटवायचं. म्हणजे भुकेल्याच्या पोटात गेलेला बिस्किटाचा पुडा आणि घंटागाडीत गेलेला पुडा कायद्याला सारखेच. भाजी, पाव यावर जीएसटीच नाही म्हणून तिथे प्रश्न येत नाही, बिस्किटावर तेव्हा अठरा टक्के होता, सप्टेंबर २०२५ पासून पाच झाला म्हणून आता टोचतं कमी. पण मला विचाराल तर दुकानदारांनी हे करावं असं सरकारला वाटत असेल तर आधी हे कलम बघावं, भाषणं नंतर. फ्रान्समध्ये २०१६ पासून कायदा आहे, चारशे स्क्वेअर मीटरच्या वरच्या सुपरमार्केटनं खाण्याजोगा माल नष्ट करायचा नाही, संस्थांशी करार करायचा. आमचं दुकान शंभर मीटर, आम्हाला तो लागला पण नसता.

कुणी म्हणेल दुकानं कितीशी नासाडी करतात. खरं आहे. यूएनच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४ च्या रिपोर्टमध्ये २०२२ सालचा हिशोब आहे, जगात १०५ कोटी टन अन्न वाया, त्यातलं ६० टक्के घराघरांत, २८ टक्के हॉटेल-केटरिंगमध्ये आणि दुकानांत १२ टक्के. पण घरातलं अर्धं वांगं आणि वाटीभर आमटी गोळा करायला कोण जाणार? दुकानातलं एका जागी, एका वेळी, पॅकबंद, तारखेसकट मिळतं, फक्त कुणीतरी साडेसातला क्रेट भरायला पाहिजे.

एक गोष्ट मात्र मी अजिबात धरली नव्हती. फेकवही समोर असल्यामुळे ऑर्डरच कमी झाल्या. मार्केट यार्डात पहाटे कोथिंबीर उचलताना हात आपोआप आखडतो, सेल्समनच्या स्कीमला नाही म्हणता येतं, आषाढीनंतर साबुदाणा-भगर पडून राहायची ती आता मोजकीच मागवतो. वर्षभरात फेकवहीचा आकडा तेरा हजारांवरून चार हजारांवर आला, मी पेढे वाटायच्या बेतात, आणि काकूंचा फोन, "भाऊ, हल्ली क्रेट अर्धाच येतो, काही चुकलं का आमचं?" काय सांगणार? माझी नासाडी कमी झाली म्हणजे त्यांच्या भाजीत टोमॅटो कमी पडला. दोन प्रश्न एकच आहेत असं मी वर्षभर धरून चाललो होतो.

मग नासाडी कमी होऊन जे पैसे वाचले त्यातून दर महिन्याला दहा किलो कांदा आणि पाच किलो तूरडाळ असं पक्कं लावून दिलं, उरो न उरो. त्याला आप्पांनी उधारीच्या वहीत वेगळं पान केलंय, वर हॉस्टेल असं लिहून, आणि रक्कम पण टाकतात प्रत्येक वेळी, वसुली नाही तर रक्कम कशाला असं विचारलं तर म्हणतात हिशोब तो हिशोब. बाजूच्या दोन दुकानदारांना पण विचारलं, एक जण शनिवारचा पाव देतो, दुसरा अजून बघू म्हणतोय, सहा महिने झाले बघतोय.

काकू आता सरळ व्हॉट्सॲपवर यादी टाकतात, बाकीच्या गिऱ्हाइकांसारखी. कालची अशी होती: मोहरी संपली, हिंग छोटी डबी, हिरवी मिरची असेल तर, कोथिंबीर पुरे झाली, आणि ते ओट्स परत पाठवू नका, मागचेच कुणी खाल्ले नाहीत.